विषय क्रमांक दोन

परवा खरवईला भाचीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी सहज विचारलं, "अहो बाई, तुमची ती बुवापाड्याची समिती होती ना? तिचं काय झालं हो पुढं?" झालं! माझी पुरी पानात गार झाली, मठ्ठा कुणीतरी दुसऱ्यानेच पिऊन टाकला आणि मी आपली बोलतेच आहे. समितीच्या किश्शांचं असंच आहे. एक काढला की त्याच्या मागे दुसरा उभाच असतो, पूर्वी रॉकेलच्या रांगेत माणसं उभी असायची तसा.

सुरुवात मी हसत करते. ऐकणारेही हसतात. मग कुठंतरी मध्येच त्यांचं हसणं थांबतं. तुमचंही थांबेल, आधीच सांगून ठेवते. मग मला बोल लावू नका.

समिती म्हणजे अंबरनाथच्या बुवापाड्यातली आमची नागरिक समिती. ऐंशीच्या दशकात सुरू झाली, नव्वदीत कधीतरी विरून गेली. मी पाड्यात बालवाडी चालवायची, म्हणून सगळ्यांची नुसती 'बाई'. अध्यक्ष होते भोईरकाका, इथले जुने शेतकरी. अर्धी जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या अर्ध्यात भात लावायचे. ते अध्यक्ष का? तर सभा त्यांच्या ओटीवर भरायची म्हणून! चिटणीस वामनराव गायकवाड, कारखान्यात स्टोअरकीपर. आणि लछमन सेठ. सिंधी माणूस, राहायला उल्हासनगर कॅम्प चारला, पण त्यांचं प्लॅस्टिकच्या बटणांचं वर्कशॉप आमच्या पाड्यात होतं. बाकी तीन-चार जण होते, ते सही करायचे आणि चहा प्यायचे.

सभा कसलीही असो, पहिले दोन विषय ठरलेले. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन, नाल्यावर साकव. साकव म्हणजे छोटा पूल हो! पाडा नाल्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. नाल्यावरून पाण्याची मोठी पाइपलाइन गेलेली. रस्त्याने शाळेत जायचं तर पाऊण तास, पाइपवरून चालत गेलं तर पाच मिनिटं. आता मुलं कुठून जाणार, तुम्हीच सांगा.

* * *

गायकवाडांचा नियम होता, सात जणांशिवाय सभा नाही. गणपूर्ती! हा शब्द ते असा उच्चारायचे की आपणच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटायचं.

एकदा ऐन लावणीच्या दिवसांत सहाच जण जमलो. गायकवाडांनी घड्याळ बघितलं, वही उघडली आणि वाचून दाखवलं, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे. अर्ध्या तासाने ती याच ठिकाणी पुन्हा भरेल."

आम्ही सहा जण तिथंच बसलेलो. जाणार कुठं? बाहेर धो धो पाऊस. लछमन सेठनी पाण्याच्या नळाचा विषय काढला, तर गायकवाडांनी हात वर केला. "सेठ, सभा तहकूब आहे. विषय बोलता येणार नाही."

"साईं," सेठ म्हणाले, "छे आदमी इधर बैठेला है. छे के छे को मालूम है के छे आदमी बैठेला है. फिर ये तहकूब किसके लिए?"

"तहकुबीत चहा चालतो," गायकवाड म्हणाले.

अर्धा तास आम्ही सहा जण एकमेकांकडे बघत चहा प्यायलो. मग गायकवाडांनी जाहीर केलं, सभा सुरू. तहकूब सभेला म्हणे गणपूर्ती लागत नाही! तेच सहा जण, तीच सतरंजी. भोईरकाका कावले, "मंग आदी काय वाईट व्हतं?"

"आधी बेकायदेशीर होतं, काका."

* * *

सभेच्या सुरुवातीला पाड्यात कोणी गेलेलं असेल तर दुखवट्याचा ठराव व्हायचा आणि दोन मिनिटं उभं राहायचं. घड्याळ गायकवाडांच्या हातात. दोन मिनिटं म्हणजे एकशेवीस सेकंद, एकशेएकोणीस नाही!

एका रविवारी म्हात्रेआजींचा ठराव होता. सकाळीच डॉक्टरांनी मान हलवली होती, बायकांनी रडारड सुरू केली होती, बांबू आणायला माणूस गेला होता. आम्ही माना खाली घालून उभे. तेवढ्यात आजींची सून धावत धावत ओटीवर आली, पदर कुठं, केस कुठं! "अवो, म्हातारी उठली! च्या मागतंय!"

भोईरकाका खाली बसले ते कपाळावर हात मारून. सेठ हात जोडून वर बघायला लागले. गायकवाड मात्र उभेच. त्यांची पंचवीस सेकंद शिल्लक होती.

पुढे पंचाईत अशी की ठराव लिहून मंजूर झालेला. मी म्हटलं, "अहो गायकवाड, फाडून टाका ते पान!" तर माझ्याकडे असं बघितलं की मी जणू म्हातारीचा गळा दाबायला सांगितला. त्यांनी खाली ओळ लिहिली, ती अजून वहीत आहे. 'सदर ठराव पुढील योग्य वेळेपर्यंत राखून ठेवण्यात यावा.'

म्हातारी पुढं चार वर्षं जगली. वाटेत भेटली की गायकवाडांना थांबवून विचारायची, "माजा ठराव हाय ना रं जपून?" आणि गायकवाड गंभीरपणे सांगायचे, "आहे आजी. मंजूर आहे."

ती खरोखर गेली तेव्हा त्यांनी तोच ठराव काढला, तारीख बदलली आणि वाचला. त्या दिवशी मात्र दोन मिनिटं उलटून गेली तरी ते उभेच होते.

* * *

इतिवृत्त वाचून कायम करताना कुणाची काही दुरुस्ती असेल तर तेव्हाच सांगायची. नंतर नाही. हा गायकवाडांचा दुसरा नियम.

गणपतीला लाउडस्पीकर लछमन सेठ फुकट द्यायचे. एका इतिवृत्तात गायकवाडांनी लिहिलं, 'गणेशोत्सव व आंबेडकर जयंती या दोन्ही कार्यक्रमांस लछमन सेठ स्पीकर देतील.' सेठ त्या दिवशी झोपलेले असावेत. दोन सभांनंतर त्यांच्या लक्षात आलं. "अरे, मैं तो सिर्फ गणपती का बोला था!"

"त्याच वेळी सांगायचं होतं सेठ. आता इतिवृत्त कायम झालंय."

"तो क्या हुआ? एक लाइन काट दो!"

"एकदा कायम झालं की कायम. उद्या प्रत्येक जण येऊन म्हणेल माझी ओळ खोडा. मग त्या वहीला अर्थ काय राहिला?"

सेठ आठवडाभर धुमसले. कॅम्प चारला जाऊन चार माणसांना सांगून आले की गायकवाडनं मला लुटलं. पण चौदा एप्रिलला पहाटेच स्वतः स्पीकर घेऊन हजर! पुढं दरवर्षी. एकदा तब्येत बरी नव्हती म्हणून मी म्हटलं, माणसाला पाठवा की, तर म्हणाले, "नहीं बाई. कायम हो गया है. क्या करेगा!" आणि हसत हसत वायर सोडवायला बसले.

* * *

हसून झालं? आता नीट बसा.

हा गायकवाड पहिल्यापासून असा नव्हता. कागदाचं आणि त्याचं वाकडं होतं म्हणा ना. दोनदा रेशनकार्ड हरवलेला माणूस. लाइटचं बिल भरायला विसरायचा. आमच्या बालवाडीच्या स्नेहसंमेलनात ढोलकी वाजवायला उभा राहिला की पोरं त्याला सोडायची नाहीत.

त्यांची धाकटी वैशाली माझ्याच बालवाडीतून शिकून गेलेली. तेव्हा तिसरीत होती. आषाढातली सकाळ, पाइप शेवाळलेला, खाली नाला तांबडा फुगलेला. बाकीच्या मुली पलीकडे पोचल्या, मागे वळून बघतात तर ही नाही.

संध्याकाळी ती भोईरकाकांनाच सापडली, त्यांच्या शेताच्या टोकाला करंजाच्या मुळांशी. काकांनी तिला एकट्यानं उचलून आणलं. दप्तर पाठीवर तसंच होतं.

मग चर्चा सुरू झाली, आता पोलीस येणार, पंचनामा होणार, पोरीला कापणार. सुमनवहिनी, म्हणजे तिची आई, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, तिला काही ऐकू येत नव्हतं. गायकवाड भिंतीला टेकून बसलेले. भोईरकाका उभे राहिले. "माज्या पोरीला चिरून नाय द्यायची. मी हाय ना!" काकांचा शब्द तेव्हा चालायचा. कुणाला तरी भेटले, कुणाकडून तरी कागद आणला. कागदावर लिहिलेलं, मृत्यूचे ठिकाण राहते घर, न्हाणीत पाय घसरून डोक्यास मार. गायकवाडांनी सही केली. वाचलं नाही त्यांनी. आम्ही कुणीच वाचलं नाही. तासाभरात पोरगी आईपाशी आली, कुठं न कापता. काकांचे उपकार वाटले सगळ्यांना, आणि त्या दिवशी ते होतेच. आजही मी काकांना वाईट म्हणणार नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्धांतल्या दिवसकार्याच्या, दिवशी लोक जमले आणि काकांच्या ओटीवर समिती स्थापन झाली. वही कुठली आणायची? गायकवाड घरी गेले आणि वैशालीची दोनशे पानी वही घेऊन आले. पुढची सहा पानं गणिताची होती, उरलेली कोरी. सातव्या पानावर त्यांनी पहिला ठराव स्वतः लिहिला, दुखवट्याचा. आधी खिशातून मृत्यूचा दाखला काढला आणि तो प्रथमच वाचला. मग त्यात होतं तसंच वहीत उतरवलं. राहते घरी न्हाणीत पाय घसरून. कागद एक आणि वही एक असं झालं तर काका अडचणीत येतील, एवढंच त्या वेळी त्यांच्या डोक्यात होतं.

त्याच पानावर खाली दुसरा ठराव. नाल्यावर साकव पाहिजे.

मी ते पान वाचलं होतं. वर पोरगी न्हाणीत पडली, खाली आम्हाला नाल्यावर साकव हवा! मी गप्प बसले. माझी ती चूक मी कुणाच्या माथी मारणार?

त्या दिवसापासून गायकवाडांनी ढोलकीला हात लावला नाही आणि कागद कधी नजरेआड केला नाही. सुमनवहिनी भोईरकाकांच्या ओटीवर पुन्हा कधी आल्या नाहीत. तिथून पाइप समोर दिसतो. बाजारात जायचं तरी त्या पाऊण तासाच्या रस्त्यानं जायच्या.

* * *

साकवाचं भूमिपूजन झालं. एकदा नाही, तीनदा! दर निवडणुकीच्या आधी एक पुढारी यायचा, नारळ फोडायचा, जायचा. आमच्याकडे कोनशिलाच दोन झाल्या होत्या. एकीवर पाड्यातल्या बायका गोधड्या धुवायच्या.

तिसऱ्या वेळची गंमत सांगते. पुढारी अलीकडे आले, नारळ फोडला, भाषण केलं आणि निघाले. तर त्यांची मोटार पलीकडे! ड्रायव्हरला कुणीतरी चुकीचा रस्ता सांगितलेला. साहेबांना दुसऱ्या कार्यक्रमाला उशीर होत होता. पाऊण तास कोण चालणार? शेवटी धोतराचा सोगा खोचला, पुढं एक माणूस, मागे एक माणूस, आणि साहेब पाइपवरून निघाले. आम्ही श्वास रोखून उभे. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात क्षणभर वाईट विचार आला.

पण पोचले. पलीकडे पोचल्यावर पाइपवर दोनदा पाय आपटून बघितला आणि इकडे ओरडून म्हणाले, "अरे, हा तर चांगला मजबूत आहे!"

* * *

मग आम्हीच श्रमदान करायचं ठरवलं. भोईरकाकांनी बांबू दिले, सेठनी तारा आणि खिळे दिले, पाड्यातले पन्नास-साठ जण दोन रविवार राबले. गायकवाड स्टोअरमधल्यासारखा एकेक खिळा मोजून द्यायचे. बांबूचा साकव उभा राहिला तेव्हा माझ्या बालवाडीतल्या पोरांनी त्यावर नाच केला. एकटे गायकवाड त्यावर पाय ठेवायला तयार नव्हते. सगळ्यात शेवटी गेले, कठड्याला हात लावत लावत, आणि मध्येच थांबले. मी मान फिरवली.

नवव्या दिवशी नाल्याला पूर आला आणि साकव गेला. दहाव्या दिवशी पालिकेच्या कचेरीतून नोटीस आली. 'विनापरवाना उभारलेले सदर बांधकाम सात दिवसांत काढून टाकावे, अन्यथा कारवाई करण्यात येईल.'

गायकवाडांनी उत्तर एका ओळीत पाठवलं. 'आदेशाचे पालन झाले आहे.'

* * *

पुढे मधल्या काळात आमच्या भागाची कचेरी बदलली आणि साकवासाठी केलेल्या अर्जांची फाईल जुन्या कचेरीत राहिली. जुने म्हणाले नव्याकडे दिली, नवे म्हणाले आलीच नाही. गायकवाडांनी सगळी पत्रं पुन्हा हातानं लिहून काढली. वर्षं गेली, पोरं मोठी झाली, नवी पोरं पाइपवरून जायला लागली. आणि एक दिवस चक्क उत्तर आलं!

आलेलं प्रत्येक पत्र सभेत मोठ्याने वाचायचं, हाही गायकवाडांचाच नियम. ते उभे राहिले, पाकीट सर्वांसमोर फोडलं आणि जावक क्रमांकापासून वाचायला लागले. आम्ही सगळे पुढं सरकून बसलेलो.

"सदर नाल्यात आजवर कोणतीही जीवितहानी झाल्याची नोंद आढळून येत नाही. सबब साकवाचे काम प्राधान्याने हाती घेता येत नाही."

ते थांबले नाहीत हो! पुढचं 'कळावे' वाचलं, 'आपला विश्वासू' वाचलं, खालची 'सही अवाच्य' तेसुद्धा वाचलं. मग पत्राची घडी घालून वहीत ठेवली.

भोईरकाका उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर गोठ्यात बैलाच्या पाठीवर डोकं टेकून रडत होते. एवढा दांडगा माणूस! "बाय, मी मारला ह्यो साकव. मीच सांगितलं व्हतं, चिरून नाय द्यायची." माझ्या मागे गायकवाड येऊन उभे होते. ते म्हणाले, "काका, सही माझी आहे."

पत्राची गोष्ट पाड्यात लपून राहते होय? दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनवहिनी बालवाडीत आल्या. पोरं गाणी म्हणत होती. त्या दारातच उभ्या राहून मला म्हणाल्या, "बाई, कागदावर माझी पोर न्हाणीत पडली असं आहे?"

मी होकारार्थी मान हलवली.

"घरात मी होते ना पण तेव्हा. म्हणजे माझ्या देखत पडली? मी बघत बसले?" त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. "इतकी वर्षं लोकांनी कागद बघितला असेल. कचेरीतल्या लोकांनी. त्यांना काय वाटलं असेल मी कसली आई आहे?"

मी त्यांना बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

* * *

आणि आता शेवटचा. पंगतीत मी हाच सांगत होते तेव्हा त्या शेजारच्या बाईंनी हातातला घास खाली ठेवला.

कचेरीत नवीन इंजिनिअर साहेब आले होते, तरुण, समजूतदार. स्वतः म्हणाले, तुमच्या सभेला येतो, लोकांचं म्हणणं ऐकतो. नोंद असेल तर मी काम वर घेतो. रविवारी सकाळी भोईरकाकांची ओटी गच्च भरली. अंगणात माणसं, कुंपणापाशी माणसं. आदल्या दिवशी मी गायकवाडांना बजावलं होतं, "जपून हं. खोटी नोंद केली म्हणून उद्या तुमच्या नोकरीवर आलं तर? काकांचं काय होईल?" ते नुसते हूं म्हणाले होते.

साहेब खुर्चीवर, आम्ही सतरंजीवर. गायकवाड उभे राहिले. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त." वाचलं, कायम झालं. मग त्यांनी वहीची पानं मागे मागे उलटली, पार गणिताच्या पानांपर्यंत, आणि म्हणाले, "पहिल्या सभेच्या इतिवृत्तात मी एक दुरुस्ती सुचवतो."

लछमन सेठ सवयीने ओरडलेच, "अरे वा! एक बार कायम तो कायम! मेरा स्पीकर भूल गया क्या?" लोक हसले. मग सेठना दिसलं कुठलं पान उघडलंय ते. तोंडावर हात ठेवून ते खाली बघायला लागले.

"सेठ, बरोबर आहे तुमचं," गायकवाड म्हणाले. "नियम माझाच आहे. आज मी तो मोडतोय. तसं इतिवृत्तात लिहीन."

आणि वाचलं. "कुमारी वैशाली वामन गायकवाड हिच्या दुखवट्याच्या ठरावातील 'राहते घरी न्हाणीत' हे शब्द वगळून त्या जागी 'शाळेत जाताना पाइपवरून नाल्यात' असे वाचावे. मूळ नोंद खोटी असून तिच्यावर सही माझी आहे. सूचक, वामन गायकवाड."

भोईरकाका उठायला लागले. "आनि काकानं सांगितलं व्हतं म्हनून लिवा! माजं नाव घाला त्यात!"

"खाली बसा काका. सूचक एकच असतो," गायकवाड म्हणाले. "अनुमोदन?"

सूचकाला अनुमोदक लागतो. त्याशिवाय ठराव नाही. साहेब समोर बसलेले, कागदावर काहीतरी लिहीत. खोट्या नोंदीच्या कामात कोण आपलं नाव घालणार? माझा हात मांडीवरून उचलत नव्हता. लाज वाटते सांगायला, पण नव्हता उचलत. अख्ख्या ओटीवर कुणी कुणाकडे बघेना.

"मी देते."

आवाज अंगणातून आला. माणसं बाजूला झाली. सुमनवहिनी पायरीपाशी उभ्या होत्या, पायात चपला तशाच, आणि त्यांच्या मागे तो पाइप.

गायकवाडांनी मान वर केली नाही. पेन वहीवर टेकवलेलं. सगळ्यांना विचारायचे तसंच विचारलं, "अनुमोदकाचं पूर्ण नाव?"

"सुमन वामन गायकवाड."

"सभासद आहात?"

"नाही."

पेन थांबलं. सभासद नसलेल्याचं अनुमोदन चालत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. गायकवाडांची मान खालीच. "मग कोणत्या नात्याने अनुमोदन देता?"

"त्या दिवशी घरात मी एकटीच होते," वहिनी म्हणाल्या. "न्हाणी कोरडी होती."

गायकवाडांनी ते लिहिलं. जसंच्या तसं, दोन्ही वाक्यं. लिहून झाल्यावर पान उलटलं, तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. दोनदा प्रयत्न केला. मग त्यांनी वही पुढं केली.

वहिनी पायऱ्या चढून ओटीवर आल्या, वही हातात घेतली आणि साहेबांकडे बघून वाचलं, "विषय क्रमांक दोन. नाल्यावर साकव."